कालच्या उन्हाचं पाणी

डिसेंबरातल्या पहाटे साडेपाचला बंगळुरूच्या चामराजपेटेतल्या एखाद्या घरात न्हाणीघराचा नळ सोडला आणि सोलरचं गरम पाणी आलं, तर त्या पाण्यातली ऊब आजची नसते. आजचा सूर्य उगवायला अजून तासभर आहे. ती ऊब काल दुपारची. संध्याकाळ आणि सगळी रात्र तिने गच्चीवर काढली आणि मग तीन मजले उतरून ती तुमच्या हातावर आली.

आज एवढ्याच गोष्टीपाशी बसू या. घाई करायची नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, श्वास सोडा, मग पुढे या. गच्चीपासून नळापर्यंत पाणी ज्या वाटेने येतं, त्याच वाटेने आपणही सावकाश खाली उतरायचं आहे. उतरताना एकच प्रश्न मनात धरायचा: मिळालेली ऊब वाटेत जाते कुठे?

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. चामराजपेट वसलं 1892 मध्ये, म्हैसूरचे दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने. जुन्या पेठेच्या दाटीबाहेर आखून काढलेली वसाहत, सरळ मेन रोड आणि त्यांना छेदणारे क्रॉस. कौलारू घरं आता थोडीच उरली. त्यांच्या जागी अरुंद प्लॉटांवर तीन-चार मजली इमारती आल्या, आणि मान वर केली की गच्चीमागून गच्ची तेच दिसतं: एक आडवी टाकी, आणि तिच्या पायाशी दक्षिणेकडे तोंड करून तिरकी बसवलेली काच. कर्नाटकात 2007 पासून नव्या घरांना सोलर हीटर बंधनकारक होऊ लागला. वीजकंपनी बेस्कॉमने बिलात युनिटमागे 50 पैशांची सूटही दिली. आज या शहराइतके पाणी तापवणारे सोलर देशात क्वचितच कुठे दिसतील.

शहाजीराजांना बंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धापासून, इथे मराठी घरं आहेत. या घरांतून पूर्वी तांब्याचा बंब असे. शेजारच्या कन्नड घरात न्हाणीतच चुलीवर बसवलेला हंडा. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी शेजारी 'नीरु तुंबुव हब्ब' करतात, पाणी भरण्याचा सण. हंडा घासूनपुसून लख्ख करायचा, सजवायचा, पाण्याने काठोकाठ भरायचा. पहाटे त्याखाली जाळ, मग तेल आणि अभ्यंगस्नान. बंबाचंही तसंच. नारळाच्या शेंड्या, ढलप्या पेटवल्या की अर्ध्या-पाऊण तासात कढत पाणी तयार, आणि न्हायचं तिथेच, दोन हातांवर. ऊब जिथे निर्माण व्हायची तिथेच अंगावर यायची. तिला साठवायचं नव्हतं, की कुठे न्यायचं नव्हतं.

सोलर आला आणि धूर गेला, लाकडं गेली, डोळ्यांची आग गेली. हे मोठंच सुख. पण ऊब आणि आंघोळ यांच्यात आता बारा-चौदा तासांचं आणि तीन मजल्यांचं अंतर पडलं. बंबाच्या काळात नसलेलं एक काम त्यामुळे घराला लागलं: जपण्याचं. ते काम अजून आपल्या अंगवळणी पडलेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता गच्चीवर या. दुपारचे बारा. चामराजपेटेला लागूनच गवीपूर आहे. तिथल्या गवी गंगाधरेश्वराच्या गुहेत मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीची किरणं नंदीच्या शिंगांमधून आत शिरतात आणि पिंडीवर पडतात. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेकडे किती कललेला असतो याची जाण ती गुहा कोरणाऱ्यांना होती. संक्रांतीच्या सुमाराला भर दुपारीसुद्धा इथे सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिण क्षितिजापासून साधारण 55 अंशांवरच राहतो. गच्चीवरची काच तिरकी आहे ती याचसाठी. काचेखाली पाणी तापतं, तापून हलकं होतं, आपोआप वरच्या टाकीत चढतं, आणि टाकीतलं गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. पंप नाही, आवाज नाही. दिवसभर हे चढणं-उतरणं चालू राहतं.

इथे थोडं थांबा. शंभर लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंशांवर न्यायला सुमारे चार युनिट वीज लागते. तेवढं काम ऊन करून गेलं आणि त्याचं बिल कोणी पाठवलं नाही. ते मनात नीट बसू द्या. फुकट आलेली गोष्ट जपावी, हे आपल्या मनाला सहसा पटत नाही.

सूर्य मावळला. टाकीत पाणी 60 अंशांवर, बाहेर हवा 20 वर आणि उतरते आहे. डिसेंबर-जानेवारीत बंगळुरूची पहाट साधारण 15-16 अंशांची असते. 13 जानेवारी 1884 ला तर इथे 7.8 अंशांची नोंद झाली होती. गरम वस्तू गार भोवतालाला ऊब देत राहते आणि फरक जितका मोठा तितक्या वेगाने देते, हे न्यूटनने 1701 मध्ये मांडलं. म्हणजे पाणी जितकं जास्त तापवाल तितकी त्याची गळती जोरात. 60 च्या पाण्याला 20 च्या हवेत 40 अंशांचा उतार मिळतो, 45 च्या पाण्याला 25 अंशांचाच. ही गळती पूर्ण बंद करता येत नाही, ती मंद करता येते. हा शब्द मनात ठेवा, मंद. पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

मंद कशाने होते? हवेने, फक्त ती हवा हलता कामा नये. मोकळी हवा तापली की वर जाते, गार हवा तिची जागा घेते, आणि ऊब वाहून जाते. तीच हवा बारीक बारीक खोपटांत कोंडून ठेवली की ती जवळपास काहीच पुढे देत नाही. धनगराची घोंगडी पावसाळी रात्री माणसाला वाचवते ती लोकरीच्या जिवावर जेवढी, तेवढीच लोकरीत अडकलेल्या हवेच्या जिवावर. टाकीभोवती जो पफ, म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम, भरलेला असतो, नळीवर जी काळी रबरी फोमची ट्यूब चढवतात, कारखान्यातल्या वाफेच्या पाइपांना जे ग्लासवूल गुंडाळतात, त्या सगळ्यांच्या आत हेच आहे, कोंडलेली हवा किंवा तसाच एखादा वायू. पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून जास्त उष्णता पुढे देतं, आणि लोखंडी पाइप पाण्याच्याही कितीतरी पट. म्हणून फोम भिजला की त्याचा जीव गेला. वरून तो तसाच काळा, जाड दिसतो, पण खोपटांतून हवा जाऊन पाणी बसलेलं असतं.

काही गच्च्यांवर काचेच्या नळ्यांचा सोलर असतो, एका ओळीत पंधरा-वीस काळ्या नळ्या. त्यातली प्रत्येक नळी दुहेरी आहे आणि दोन काचांच्या मध्ये निर्वात पोकळी. ही युक्ती जेम्स ड्यूअरने लंडनमध्ये शोधली, अतिथंड द्रवरूप वायू साठवण्यासाठी. साल 1892, चामराजपेट आखलं जात होतं तेच. वाहून न्यायला मध्ये काही नसेल तर उष्णता सहज ओलांडू शकत नाही, एवढंच त्यात आहे. आपल्या घरच्या थर्मासमध्येही तेच.

चांगल्या टाकीभोवती सुमारे 50 मिलिमीटर पफ असतो. पहाटे अशा टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवा. पत्रा गार लागेल. आत पाणी अजून कढत आहे आणि बाहेर हाताला त्याचा पत्ता नाही. हा गारवा चांगला. ऊब आतच राहिली, असं तो सांगतो.

आता हात सरकवत न्या, टाकीतून गरम पाणी जिथे बाहेर पडतं त्या पाइपावर. पहिली वीतभर फोम आहे. पुढे एल्बो, आणि एल्बोवर काही नाही. सरळ ट्यूब कापून चढवणं सोपं, वळणावर ती तिरकी कापावी लागते, चिकटवावी लागते, त्यात वेळ जातो, म्हणून बसवणारे ते सोडून देतात. पुढे युनियन, म्हणजे पाइपाचा जोड, तोही उघडा. व्हॉल्व्ह उघडाच. मग पुन्हा फोम, पण उन्हाने तडकलेला. या फोमला बंगळुरूचं ऊन सोसत नाही. वर ॲल्युमिनियमची फॉइल किंवा पत्र्याचं कवच नसेल तर काही वर्षांतच तो कडक होतो, चिराळतो, बोटाने दाबला की भुगा पडतो, आणि कावळे त्याचे तुकडे उचकटून नेतात. चिरेतून पाऊस आत शिरतो आणि फोम व पाइप यांच्या मध्ये बसून राहतो. जस्त चढवलेला लोखंडी, म्हणजे जीआय पाइप तिथेच बाहेरून गंजू लागतो. सोलर घेताना आपण टाकी किती लिटरची, काच कोणत्या कंपनीची, हे दहादा विचारतो. पाइपाच्या या दहा फुटांबद्दल कोणी विचारत नाही.

इथे जरा जास्त वेळ बसू या, कारण खरी गळती इथे आहे.

समजा, पाऊण इंची जीआय पाइप गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पंधरा मीटर आला आहे. आत 60 अंशांचं पाणी, बाहेर 20 अंशांची हवा. उघडा पाइप दर मीटरला सुमारे 35 वॅट ऊब सोडतो. हिशेब मोठा नाही, कागद-पेन्सिलीने कोणालाही करता येतो. त्यावर 10 मिलिमीटर जाडीचा फोम चढवला की 35 चे 14 होतात. 20 मिलिमीटर चढवला की 10. आणि 50 मिलिमीटर चढवला तरी 6 च्या आसपासच. पहिल्या बोटभर थराने जे साधतं ते पुढच्या चार बोटांनी साधत नाही. म्हणून घरच्या पाइपाला फार जाड थराची हौस नको, पण एकही जागा उघडी राहायला नको. पाऊण इंची पाइपाला 20 मिलिमीटर पुरे.

आता यातली सूक्ष्म गोष्ट पाहा. नळ चालू असताना, मिनिटाला सहा लिटर पाणी वाहत असताना, हा उघडा पाइपसुद्धा पाण्याला जेमतेम एक-सव्वा अंशानेच गार करतो. पाण्याला वाटेत थांबायला वेळच नसतो. नळ बंद झाला की खरा घात सुरू होतो. पाइपात अडकलेलं साडेपाच लिटर पाणी आता कुठे जात नाही, नुसतं गार होत राहतं. उघड्या पाइपात पाऊण तासात ते 60 वरून 35 वर येतं. 20 मिलिमीटर फोम असेल तर तेवढंच गार व्हायला अडीच तास लागतात. ऊब जाते ती वाहताना कमी आणि थांबल्यावर जास्त.

घरात चौघे जण आहेत असं धरा. पहिला सहाला न्हातो, दुसरा सव्वासातला, तिसरी साडेआठला, चौथा दहाला. पाइप उघडा असेल तर प्रत्येक वेळी आत गार झालेलं पाणी आधी सोडून द्यावं लागतं, आणि टाकीतून येणारं ताजं गरम पाणी आधी लोखंड तापवण्यात खर्ची पडतं. एका वेळेला सुमारे एक तृतीयांश युनिट. चार वेळांचं एक युनिटाहून अधिक. शंभर लिटरच्या टाकीत ऊन दिवसभरात जेवढी ऊब भरतं, तिचा चौथा हिस्सा कोणाच्याच अंगावर न पडता भिंतींना आणि हवेला जातो. फोम असेल तर या चौघांपैकी दुसऱ्याला, तिसरीला, चौथ्याला नळ सोडताच कोमट नव्हे, चांगलं ऊन पाणी मिळतं. आणि चौघे एकापाठोपाठ न्हायले, तर उघड्या पाइपानेही फार बिघडत नाही. एकत्र कुटुंबात बंबापाशी नंबर लागायचे, ते काही वाईट नव्हतं.

आता त्या सोडून दिलेल्या पाण्याकडे वळा. नळाखाली बोट धरून तुम्ही गरम होण्याची वाट पाहता आहात. पाणी मोरीत जातं आहे. हे पाणी कुठलं? चामराजपेट वसलं तेव्हा शहराला नळाचं पाणी नव्हतं, तळी आणि विहिरी होत्या, केंपांबुधी तलाव इथून जवळच. 1896 मध्ये हेसरघट्टाहून नळाने पाणी आलं, आणि त्या योजनेलाही चामराजेंद्रांचंच नाव होतं. पुढे तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय, आणि 1974 पासून कावेरी. कावेरीचं पाणी तोरेकाडनहळ्ळीहून सुमारे शंभर किलोमीटरवरून येतं आणि वाटेत पंपांनी टप्प्याटप्प्याने सुमारे अर्धा किलोमीटर उंच उचललं जातं. देशातल्या फार थोड्या शहरांना पिण्याचं पाणी इतकं वर चढवून आणावं लागतं. आणि आपण ते साडेपाच लिटर, दिवसातून चारदा, गार आहे म्हणून मोरीत सोडतो. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गल्ल्या याच शहरात आहेत. पाइपावरचा फोम वीज वाचवतो हे सगळे सांगतात. तो पाणी वाचवतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फोम बसेपर्यंत तळाशी एक बादली ठेवावी, गार पाणी तिच्यात घ्यावं, ते झाडांना, कपड्यांना, फरशीला चालतं.

आता मनाने थोडं दूर जाऊ या, उत्तरेकडे आइसलंडला. नेस्याव्हेट्लिर इथे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर पाणी तापवतात आणि ते 27 किलोमीटर लांब पाइपातून राजधानी रेक्याविकला नेतात, घरं उबदार ठेवायला. 1990 पासून हे चालू आहे. पाणी निघतं 80 अंशांच्या वर, बाहेर बर्फ, वारा, आणि पोचेपर्यंत ते उतरतं सुमारे दोन अंशांनी. पाइपाभोवती सुमारे 100 मिलिमीटर रॉकवूल आणि वर ॲल्युमिनियमचं कवच. पाइप जाड असल्याने पोटातल्या पाण्याच्या मानाने त्याची कातडी कमी, आणि पाणी कायम वाहतं. आपलं उलट आहे. पाइप बारीक, म्हणून पाण्याच्या मानाने कातडी जास्त, आणि पाणी बहुतेक वेळ थांबलेलं. तरीही सत्तावीस किलोमीटरला दोन अंश, आणि इथे तीन मजल्यांना पंचवीस, हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवून थोडं बसा.

खाली उतरता उतरता आपण भिंतीपाशी आलो. इथे बहुतेक घरांत पाइप दिसेनासा होतो. भिंतीत खाच पाडून तो आत बसवतात, वरून सिमेंटने बुजवतात, मग टाइल्स. दिसत नाही म्हणून तो सुरक्षित असावा असं वाटतं. प्रत्यक्षात उघड्या पाइपापेक्षाही तो जास्त ऊब गमावतो. सिमेंटचा गिलावा ग्लासवूलच्या पंधरापट तरी उष्णता पुढे देतो, आणि पाइपाची ऊब भिंतभर पसरवून तिला निसटायला मोठी जागा करून देतो. न्हाणीघरातल्या टाइल्सचा एक उभा पट्टा सकाळी हाताला कोमट लागत असेल, तर तुमचं कालचं ऊन तिथे भिंत तापवतं आहे. सीपीव्हीसीचं प्लास्टिक लोखंडापेक्षा पुष्कळच कमी उष्णता पुढे देतं, पण त्या पाइपाची भिंत इतकी पातळ असते की त्यावर विसंबता येत नाही. त्यालाही आवरण हवंच. आणि भिंतीत आवरण चढवायचं म्हणजे खाच रुंद पाडावी लागते, आधीच. टाइल्स लागल्यावर ते काम कोणी करत नाही.

एक गोष्ट मात्र सरळ समजून घेऊ, म्हणजे पुढे निराशा नको. पहाटेच्या पहिल्या नळाला, रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी, फोम असो वा नसो, गारच येणार. आठ-नऊ तासांपुढे 20 मिलिमीटरचा थर काही टिकत नाही. त्यावर उपाय दुसरा आहे: पाइपात पाणीच कमी मावेल असं करणं. गरम पाण्याचा पाइप टाकीपासून न्हाणीपर्यंत सरळ, जवळच्या वाटेने आणणं आणि गरजेपेक्षा जाड न घेणं. पाऊण इंचीत मीटरला 370 मिलिलिटर पाणी राहतं, अर्धा इंचीत 200. टाकी उंचावर असेल आणि न्हाणीघर एकच असेल तर शेवटच्या टप्प्याला अर्धा इंची पुष्कळ होतो. एक इंची पाइप म्हणजे धार मोठी, असं सांगणारे भेटतात. तो पाइप पहाटे तुमचं आणखी पाणी मोरीत घालवतो.

आता न्हाणीघरात, नळापाशी उभे राहा. वाट संपली. ऊन काचेवर पडलं, पाणी चढलं, रात्र पफच्या आत गेली, पाइपातून उतरलं, आणि शेवटी तांब्याने अंगावर आलं. या सगळ्या वाटेत ऊन आणि पाणी यांत आपण काही केलं नाही. आपल्या हातात होती फक्त मधली वाट, तिच्यावरची दोन बोटांची हवा, आणि वळणावळणाला कोणीतरी न कंटाळता तिरकी कापून चिकटवलेली फोमची पट्टी. जपणं म्हणजे इथे एवढंच. ते काम दिसत नाही, त्याचा फोटो कोणी काढत नाही, आणि बसवणाऱ्याला त्याचे वेगळे पैसे द्यायला आपण नाखूश असतो. द्यावेत. एल्बो आणि व्हॉल्व्ह झाकायला जो अर्धा दिवस जातो त्याची मजुरी आनंदाने द्यावी.

तुमच्या गच्चीवर सोलर असेल तर पावसाळ्याआधी एकदा वर जा आणि टाकीपासून भिंतीपर्यंत पाइपावरून हात फिरवा. जिथे हात भाजतो तिथे आवरण हवं, जिथे फोम भिजलेला लागतो तिथे जुना काढून नवा घाला, आणि वर फॉइल किंवा पत्रा चढवा. आणि घर बांधत असाल तर प्लंबरला आजच सांगा: गरम पाण्याच्या पाइपावर आवरण चढवून मला दाखवल्याशिवाय खाच बुजवायची नाही.